शोधनिबंधाचे परीक्षण

एखादी शिक्षिका तिसरीच्या वर्गात वाचन शिकवण्याची नवी रीत वापरून पाहते. वर्षअखेर मुले पूर्वीपेक्षा चांगली वाचू लागली आहेत असे तिला आढळते. हा तिचा अनुभव खरा असतो आणि तिच्या वर्गापुरता मोलाचाही असतो. परंतु तेवढ्या आधारावर ही रीत हजारो शाळांतून सुरू करावी असे कोणी सुचवले, तर काही प्रश्न अटळपणे उभे राहतात. मुलांची प्रगती त्या रीतीमुळे झाली, शिक्षिकेच्या उत्साहामुळे झाली, की मुले एका वर्षाने मोठी झाली म्हणून झाली? ही प्रगती मोजली कशी? जुन्या रीतीने शिकणाऱ्या वर्गाशी तिची तुलना केली होती काय? अधूनमधून गैरहजर राहणारी मुले हिशेबात धरली होती काय?

या प्रश्नांची उत्तरे देता येतील अशा पद्धतीने अनुभव घेणे व मांडणे म्हणजे संशोधन होय. ती उत्तरे पुरेशी आहेत किंवा नाहीत, हे निबंध छापण्यापूर्वी त्या विषयातील अन्य जाणकारांकडून तपासून घेण्याच्या प्रथेला तज्ज्ञ-परीक्षण असे म्हणतात. शिक्षणविषयक नियतकालिकांच्या बाबतीत या प्रथेचे महत्त्व विशेष आहे. शिक्षणावरील निबंध हा केवळ विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेला मजकूर राहत नाही. त्यातील निष्कर्ष कालांतराने अभ्यासक्रमात, पाठ्यपुस्तकात, परीक्षेच्या नियमांत आणि सरकारी परिपत्रकांत उतरतात. ते चुकीचे असतील तर पुढे कधीतरी दुरुस्तीही होते. पण ज्या मुलांवर तोवर त्यांचा अंमल झाला, त्यांना तिसरीचे वर्ष परत मिळत नाही.

प्रथेचा उगम

विद्वानांच्या नियतकालिकांचा इतिहास १६६५ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी ५ जानेवारीस पॅरिसमध्ये ‘झुर्नाल दे सावां’ आणि ६ मार्चला लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही दोन पत्रे निघाली. लंडनचे पत्र रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग चालवीत असत आणि काय छापावे व काय छापू नये, हे तेच ठरवीत. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने या पत्राची जबाबदारी स्वतःकडे घेतली व निबंधांच्या निवडीसाठी एक समिती नेमली. सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधांपैकी कोणते छापावेत, हे समिती मतदानाने ठरवू लागली. निर्णय एका व्यक्तीच्या हातून अनेकांच्या हाती गेला. परंतु त्यामागची कारणे लिहून ठेवण्याची रीत अद्याप पडली नव्हती.

ती पडण्यास १८३१-३२ साल उजाडावे लागले. विल्यम ह्यूएल यांच्या सूचनेवरून सोसायटीने निबंधांवर लेखी अभिप्राय मागवण्यास प्रारंभ केला. पहिला निबंध आला तो जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीसंबंधीचा. परीक्षक होते स्वतः ह्यूएल आणि जॉन लबक. या पहिल्याच परीक्षणात दोघांचे एकमत होईना. निबंधाचे महत्त्व वाचकांना समजावून सांगावे, असे ह्यूएल यांचे मत होते. तर त्यातील गणिताची तपासणी करून उणिवा दाखवाव्यात, असा लबक यांचा आग्रह होता. परीक्षकाने निबंधाचा परिचय करून द्यावयाचा की त्याची झडती घ्यावयाची, हा वाद अशा रीतीने या प्रथेच्या जन्माबरोबरच आलेला आहे.

ही प्रथा सार्वत्रिक होण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. ‘नेचर’ हे जगप्रसिद्ध साप्ताहिक १८६९ पासून निघत असले, तरी प्रत्येक शोधनिबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम त्याने १९७३ मध्ये केला. शिक्षणशास्त्राची नियतकालिके त्या मानाने तरुण आहेत. अमेरिकेतील ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ आणि इंग्लंडमधील ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’ ही दोन्ही १९३१ साली सुरू झाली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला आज आपण ज्ञानव्यवहाराचा पाया समजतो, ती व्यवस्था दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत पुष्कळशी संपादकाच्या विवेकावर आणि लेखकाच्या नावलौकिकावर अवलंबून होती. या अवलंबनाचे परिणाम काय होऊ शकतात, हे पुढील प्रकरणावरून स्पष्ट होईल.

जुळ्या भावंडांची आकडेवारी

सिरिल बर्ट हे ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राचे अग्रणी समजले जात. १९१३ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक केली. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मुलांची बुद्धी मुख्यतः जन्मजात व आनुवंशिक असते, हे त्यांचे ठाम मत होते. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत वाटून देण्याची व्यवस्था इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर दृढ झाली. तिच्यामागे अनेक कारणे होती. परंतु अकराव्या वर्षीच मुलाची कुवत निश्चितपणे कळू शकते, या समजुतीला बर्ट यांच्यासारख्यांच्या मतांचे पाठबळ होते.

या मताच्या पुष्टीसाठी बर्ट यांनी एकबीज जुळ्या भावंडांचा आधार घेतला. अशा दोन भावंडांची आनुवंशिक ठेवण सारखी असते. ती लहानपणीच एकमेकांपासून दूर झाली व वेगवेगळ्या घरांत वाढली, तरीही त्यांचे बुद्ध्यंक परस्परांशी जुळतात असे आढळले, तर परिस्थितीपेक्षा आनुवंशिकतेचा प्रभाव अधिक आहे असे म्हणता येते. दोन मोजमापे परस्परांशी किती जुळतात हे सांगणाऱ्या संख्येस सहसंबंध गुणक म्हणतात. संपूर्ण मेळ असेल तर तो १ असतो. काहीच मेळ नसेल तर ०. निरनिराळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या असून त्यांच्या बुद्ध्यंकांचा सहसंबंध गुणक ०.७७१ आहे, असे बर्ट यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. १९५८ मध्ये जोड्यांची संख्या ३० हून अधिक झाली, गुणक ०.७७१ होता. १९६६ मध्ये जोड्या ५३ झाल्या. गुणक पुन्हा ०.७७१ च होता. एकाच घरात वाढलेल्या जुळ्यांचा गुणकही या तिन्ही वेळी ०.९४४ असाच दिलेला होता.

ज्याने कधी एखाद्या वर्गाच्या गुणांची सरासरी काढली असेल, त्याला यातील विसंगती सहज उमगेल. वर्गात दहा नवी मुले आली की सरासरी थोडी तरी बदलते. सहसंबंध गुणकाचेही तसेच आहे. नवीन जोड्या मिळाल्यावर तो दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या स्थानापर्यंत तसाच राहणे, हे एकदा योगायोगाने घडू शकेल. पुनःपुन्हा घडणे जवळजवळ अशक्य आहे. तरीही हे आकडे प्रतिष्ठित नियतकालिकांत छापले गेले, ग्रंथांत उद्धृत झाले आणि विद्यार्थ्यांना शिकवले गेले. १९६९ मध्ये आर्थर जेन्सन यांनी ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ या शिक्षणविषयक नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला. मागासलेल्या परिस्थितीतील मुलांसाठी अमेरिकेत चाललेले पूरक शिक्षणाचे प्रयत्न फलद्रूप झालेले नाहीत आणि याचे एक प्रमुख कारण बुद्धीची आनुवंशिकता हे असावे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्या आधारांत बर्ट यांच्या आकड्यांना महत्त्वाचे स्थान होते. गरीब मुलांच्या शाळांवर पैसा खर्च करावा किंवा नाही, या प्रश्नाशी ०.७७१ ही संख्या अशा प्रकारे येऊन भिडली.

बर्ट १९७१ मध्ये वारले. १९७४ मध्ये लिऑन कॅमिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही न बदलणारी संख्या आपल्या ग्रंथात वाचकांपुढे मांडली. बर्ट यांच्या निबंधांत कोणत्या मुलांना कोणती चाचणी, केव्हा व कोणी दिली याची माहिती जवळजवळ नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. शिवाय काही ठिकाणी दिलेले बुद्ध्यंक हे चाचणीतील प्रत्यक्ष गुण नव्हते. शिक्षकांच्या मतानुसार त्यांत फेरफार करून काढलेले ‘अंतिम अंदाज’ होते. ऑक्टोबर १९७६ मध्ये ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्रात ऑलिव्हर गिली यांनी उघडपणे बनावटीचा आरोप केला. बर्ट यांच्या मार्गारेट हॉवर्ड आणि जे. कॉन्वे या साहाय्यिकांचा शोध घेऊनही त्यांना पत्ता लागला नव्हता. १९७९ मध्ये लेस्ली हर्नशॉ यांनी लिहिलेले बर्ट यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यांनी सहानुभूतीने आरंभ केलेला हा चरित्रग्रंथ अखेर प्रतिकूल निष्कर्षास येऊन पोहोचला.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ मध्ये रॉबर्ट जॉइन्सन आणि १९९१ मध्ये रोनाल्ड फ्लेचर यांनी बर्ट यांची बाजू घेणारे ग्रंथ लिहिले. हेतुपुरस्सर बनावट सिद्ध झालेली नाही. निष्काळजीपणा व जुन्या आकड्यांची पुनरावृत्ती एवढेच म्हणता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. इतर संशोधकांनी पुढे केलेल्या जुळ्यांच्या अभ्यासांतूनही बर्ट यांच्या आकड्याच्या जवळपासचे आकडे आले, याकडेही काही जण लक्ष वेधतात. तथापि या वादाचा निर्णय लागणे आता कठीण आहे, कारण बर्ट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांचा मोठा भाग नष्ट करण्यात आला.

परीक्षणाच्या दृष्टीने मात्र तो निर्णय लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्या कोणाच्या अभ्यासातून तसाच आकडा निघाला, तरी त्यामुळे बर्ट यांचा निबंध पुरावा ठरत नाही. पुरावा म्हणजे जो दुसऱ्याला तपासता येतो तो. बर्ट यांच्या निबंधांत तपासण्यासारखे काही ठेवलेलेच नव्हते, आणि ते मागण्याचे धैर्य किंवा अगत्य बराच काळ कोणी दाखवले नाही. कॉन्वे या नावाने आलेले लेख तर बर्ट ज्याचे संपादक होते, त्याच नियतकालिकात छापले गेले होते.

हस्तलिखिताची शिस्त

नियतकालिके लेखकांना ज्या सूचना देतात, त्या वरवर पाहता कारकुनी वाटतात. दोन ओळींत अंतर किती सोडावे, तक्त्याला क्रमांक कोठे द्यावा, संदर्भ कसे लिहावेत, सारांश किती शब्दांचा असावा यांसारख्या तपशिलांनी त्या भरलेल्या असतात. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या लेखनसूचना १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्या अवघ्या सात पानांच्या होत्या. आता त्या सूचनांचा मोठा ग्रंथ झाला असून जगभरातील शिक्षणविषयक नियतकालिके त्याचा वापर करतात. परंतु या सूचनांमागचे तत्त्व साधे आहे. लेखकाला प्रत्यक्ष न भेटता, केवळ कागद वाचून, अपरिचित माणसाला त्याच्या कामाची पावले मागोवा घेत तपासता आली पाहिजेत.

अमेरिकेतील शैक्षणिक संशोधन संघटनेने २००६ मध्ये अनुभवाधिष्ठित संशोधनाच्या लेखनासाठी जे मानदंड जाहीर केले, त्यांचा भर दोन तत्त्वांवर आहे. पहिले असे की, निष्कर्षाला पुरेसा पुरावा असावा. दुसरे असे की, प्रश्नापासून निष्कर्षापर्यंतची वाटचाल वाचकाला दिसावी. शोधनिबंधाचे परंपरागत भाग या दोन तत्त्वांच्या प्रकाशात पाहिले म्हणजे त्यांचे प्रयोजन कळते.

आरंभी समस्या आणि पूर्वीच्या संशोधनाचा आढावा येतो. आढावा म्हणजे वाचलेल्या ग्रंथांची यादी नव्हे. आधीच्या अभ्यासकांना काय आढळले, त्यांच्यात मतभेद कोठे आहेत आणि प्रस्तुत अभ्यास त्यात कोणती भर घालणार आहे, हे त्यातून दिसावे लागते. आपल्या मताविरुद्ध जाणारे निबंध वगळून केलेला आढावा जाणकार परीक्षकाच्या चटकन लक्षात येतो.

त्यानंतरचा पद्धतीचा भाग सर्वांत महत्त्वाचा होय. किती शाळा, कोणत्या शाळा, त्यांची निवड कशी झाली, मुलांचे वय व शिक्षणाचे माध्यम कोणते, किती मुले मध्येच गळाली, हे सारे त्यात सांगावे लागते. चाचणी कोणती वापरली हे नुसते सांगून भागत नाही. इंग्रजीत तयार झालेली एखादी चाचणी मराठीत किंवा तमिळमध्ये भाषांतरित करून वापरली असेल, तर भाषांतरानंतर ती त्याच गोष्टीचे मापन करते हे दाखवावे लागते. ज्या मुलाने आगगाडी पाहिलेली नाही, त्याला आगगाडीचे उदाहरण घालून गणित दिले, तर त्याच्या उत्तरावरून त्याचे गणित कळेल की त्याचे गाव कळेल, असा प्रश्न परीक्षक विचारणारच. मुलांवर प्रयोग करण्यास पालकांची व शाळेची संमती घेतली होती का, आणि निबंधातून एखादे मूल किंवा शाळा ओळखू येत नाही ना, याचाही उल्लेख येथेच अपेक्षित असतो.

निष्कर्षांच्या भागात आकडे येतात आणि तेथे एक भ्रम नेहमी आढळतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या रीतीने शिकलेली २,५०० मुले आणि जुन्या रीतीने शिकलेली २,५०० मुले यांची परीक्षा घेतली. गुणांचे प्रमाण विचलन १५ आहे आणि नव्या गटाची सरासरी केवळ १ गुणाने अधिक आहे. संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर हा फरक ‘सार्थक’ ठरतो, कारण मुलांची संख्या मोठी असली की लहानसा फरकही योगायोगाचा नाही असे म्हणता येते. परंतु १ गुण म्हणजे प्रमाण विचलनाचा पंधरावा भाग. एवढ्यासाठी नवी पुस्तके छापावीत व शिक्षकांना नवे प्रशिक्षण द्यावे काय? म्हणून फरक सार्थक आहे एवढेच लिहू नये, तो किती मोठा आहे हेही लिहावे, असा आग्रह आता चांगली नियतकालिके धरतात.

तसेच एका शाळेत नवी रीत व दुसऱ्या शाळेत जुनी रीत वापरून दोन्हीकडच्या शेकडो मुलांचे गुण ताडून पाहिले, तर तुलना खऱ्या अर्थाने शेकडो मुलांची नसते; दोन शाळांची असते. त्या दोन शाळांत फरक पाडणाऱ्या इतर कितीतरी गोष्टी असू शकतात. शिक्षणविषयक निबंध परत पाठवले जातात, त्यांतील अनेकांमध्ये हा दोष असतो.

शेवटच्या चर्चेत लेखकाने आपल्या अभ्यासाच्या मर्यादा स्वतः सांगणे अपेक्षित आहे. नवीन लेखकांना याची भीती वाटते. उणिवा कबूल केल्या तर निबंध नाकारला जाईल, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. आपल्या निष्कर्षाची हद्द जाणणाऱ्या लेखकावर परीक्षक अधिक विश्वास ठेवतो.

परीक्षकाचे काम

हस्तलिखित आल्यावर संपादक प्रथम ते स्वतः पाहतो. विषय नियतकालिकाच्या कक्षेत येत नसेल किंवा मांडणी अगदीच अपुरी असेल, तर ते लगेच परत जाते. उरलेली हस्तलिखिते सामान्यतः दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातात. परीक्षक लेखी अभिप्राय देतात आणि निबंध आहे तसा स्वीकारावा, किरकोळ दुरुस्त्यांनंतर स्वीकारावा, मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा मागवावा किंवा नाकारावा, यांपैकी एक शिफारस करतात. निर्णय मात्र संपादकाचा असतो. परीक्षकांत मतभेद झाल्यास मतांची मोजणी न करता त्यांच्या कारणांचे वजन करणे हे त्याचे कर्तव्य होय. परीक्षकाला बहुधा मोबदला मिळत नाही.

चांगल्या अभिप्रायात तीन गोष्टी असतात. निबंधाचे म्हणणे परीक्षकाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले असते, म्हणजे त्याने तो नीट वाचला आहे हे लेखकाला कळते. मूलभूत दोष आणि किरकोळ दोष वेगळे केलेले असतात. आणि प्रत्येक आक्षेपासोबत तो कोणत्या पानावर, कोणत्या वाक्याला किंवा तक्त्याला लागू होतो हे सांगितलेले असते. ‘निबंध कमकुवत आहे’ या वाक्याचा लेखकाला काही उपयोग नाही. ‘तक्ता ३ मधील मुलांची संख्या तक्ता १ मधील संख्येशी जुळत नाही, १४ मुले कोठे गेली?’ या वाक्याचा आहे.

परीक्षकावर काही बंधनेही असतात. हाती आलेले हस्तलिखित गोपनीय मानावे. त्यातील कल्पना स्वतःच्या कामासाठी उचलू नयेत. लेखक आपला विद्यार्थी, सहकारी किंवा प्रतिस्पर्धी असल्यास तसे संपादकाला कळवून बाजूला व्हावे. आणि निबंधाचा निष्कर्ष स्वतःच्या मताविरुद्ध आहे, एवढ्यासाठी तो नाकारू नये. हे शेवटचे बंधन पाळणे सर्वांत अवघड आहे.

नावाचे वजन

परीक्षकही माणूसच असतो आणि मोठ्या नावापुढे त्याची नजर सौम्य होते. याची एक प्रसिद्ध तपासणी डग्लस पीटर्स आणि स्टीफन सीसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केली व १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मानसशास्त्राच्या १२ नामवंत नियतकालिकांत पूर्वी छापून आलेले १२ निबंध त्यांनी निवडले. त्यांचे मूळ लेखक प्रतिष्ठित विद्यापीठांतील होते. त्यांच्या जागी काल्पनिक लेखक आणि काल्पनिक, अपरिचित संस्था यांची नावे घालून, शीर्षक व सुरुवात यांत किरकोळ बदल करून, ते निबंध ज्या त्या नियतकालिकाकडेच पुन्हा पाठवले. एकूण ३८ संपादक व परीक्षकांच्या हातांखालून ते गेले. केवळ ३ निबंध पूर्वी छापलेले असल्याचे ओळखले गेले. उरलेल्या ९ पैकी ८ नाकारले गेले, आणि कारण बहुतेक वेळा संशोधनपद्धतीतील गंभीर दोष हे दिले होते.

या तपासणीवर आक्षेप घेतले गेले. निबंधांची संख्या थोडी होती आणि संपादकांना अंधारात ठेवून केलेला हा प्रयोग नैतिकदृष्ट्या योग्य होता काय, असेही विचारले गेले. तरी तिने उपस्थित केलेला प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. दोष खरोखर होते, तर पहिल्या वेळी ते का दिसले नाहीत? आणि नव्हते, तर दुसऱ्या वेळी कोठून आले? लेखकाला परीक्षकाचे व परीक्षकाला लेखकाचे नाव कळू न देण्याची जी पद्धत आज शिक्षणशास्त्राच्या बहुसंख्य नियतकालिकांत आढळते, तिच्यामागे हा अनुभव आहे. म्हणूनच लेखकाने आपले नाव स्वतंत्र पृष्ठावर द्यावे आणि ‘आमच्या पूर्वीच्या अभ्यासात’ असे ओळख पटवणारे उल्लेख मजकुरातून काढावेत, अशी सूचना दिलेली असते.

ही पद्धतही परिपूर्ण नाही. लहानशा विषयात कोण कशावर काम करीत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. शिवाय लेखकाने आकडेच बनवले असतील, तर केवळ हस्तलिखित वाचून ते ओळखणे कठीण असते. यासाठी मूळ गुणपत्रके व नोंदी जपून ठेवाव्यात आणि मुलांची नावे झाकून त्या इतर संशोधकांना उपलब्ध कराव्यात, ही मागणी अलीकडे वाढली आहे. काही नियतकालिके तर अभ्यासाची योजनाच, निष्कर्ष हाती येण्यापूर्वी, परीक्षणासाठी मागवतात; म्हणजे निष्कर्ष चमकदार निघाला नाही या कारणासाठी चांगला अभ्यास अप्रकाशित राहत नाही.

भारतातील अनुभव

भारतात शैक्षणिक संशोधनाला संघटित रूप आले ते स्वातंत्र्यानंतर. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद १९६१ मध्ये स्थापन झाली व १९६६ पासून तिचे ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक निघू लागले. बडोद्याचे प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला सर्वेक्षण-ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडून राहिलेले प्रबंध त्यामुळे प्रथमच एकत्र पाहता आले.

पुढील काळात निबंधांची संख्या वेगाने वाढली. परंतु त्यामागे जिज्ञासा हे एकच कारण नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षण होणाऱ्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध करणे आवश्यक झाले. अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या यांतही छापील निबंधांना गुण मिळू लागले. जेथे मागणी उत्पन्न होते, तेथे पुरवठा करणारेही येतात. शुल्क घेऊन चार-आठ दिवसांत निबंध छापून देणारी, तज्ज्ञ-परीक्षणाचा नुसता दावा करणारी नियतकालिके मोठ्या संख्येने निघाली.

या संदर्भात पुण्यातील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांच्या शिफारशींवरून समाविष्ट झालेल्या नियतकालिकांची पाहणी केली. ‘करंट सायन्स’मध्ये मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १,००९ नियतकालिकांचे विश्लेषण होते आणि त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके अपुरी किंवा चुकीची माहिती, खोटे दावे अशा कारणांनी कसोटीस उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर ‘केअर’ नावाची नवी यादी तयार झाली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती उरली नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद करण्याचा निर्णय जाहीर करून पारख करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपवली.

या घडामोडींतून निघणारा बोध स्पष्ट आहे. तज्ज्ञ-परीक्षण ही कोणा वरिष्ठ कार्यालयाने यादी करून देण्याची वस्तू नाही. यादी असो वा नसो, एखाद्या निबंधाचे कसून वाचन करणारी दोन माणसे प्रत्यक्षात होती किंवा नव्हती, यावर सर्व काही अवलंबून असते. ती नसतील, तर सर्वांत अधिक हानी प्रामाणिक विद्यार्थ्याची होते. तो शुल्क भरतो, निबंध छापून येतो, आणि त्यातील चूक त्याला कोणीच सांगत नाही. पुढे तो स्वतः शिक्षक झाला, की तीच पद्धत आपल्या विद्यार्थ्यांना शिकवतो.

सामान्य वाचकासाठी

शोधनिबंध प्रत्यक्ष वाचण्याचा प्रसंग सामान्य वाचकावर क्वचितच येतो. त्याच्यापर्यंत पोहोचतात ती त्यांवर आधारलेली विधाने. अमुक पद्धतीने मुलांचे गणित सुधारते, अमुक वयानंतर भाषा शिकणे अवघड जाते, अमुक समाजातील मुले अमुक विषयात मागे पडतात, अशी विधाने वृत्तपत्रांतून व भाषणांतून येत असतात. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ एवढ्या शब्दांवर समाधान मानण्याचे कारण नाही. किती मुले, कोणत्या शाळा, कोणती चाचणी, फरक किती, आणि हे दुसऱ्या कोणी तपासले आहे काय, हे पाच प्रश्न कोणत्याही पालकाला व शिक्षकाला विचारता येतात. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरीच्या वर्गातील त्या शिक्षिकेलाही हेच लागू आहे. तिने वर्षारंभी प्रत्येक मुलाचे वाचन कसे होते याची नोंद केली, कोणत्या दिवशी काय शिकवले ते लिहून ठेवले, शेजारच्या वर्गाशी तुलना केली आणि कोणत्या मुलांना या रीतीचा लाभ झाला नाही हेही प्रांजळपणे मांडले, तर तिचा निबंध लहान असला आणि तो मराठीत लिहिलेला असला, तरी परीक्षणास योग्य ठरतो. ०.७७१ या संख्येमागे दाखवता येण्यासारखी एकही वही उरली नाही. शिक्षिकेच्या वह्या कपाटात असतील, तर तिचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला तरीही तो नेमका कोठे चुकला हे दुसऱ्या शिक्षकाला शोधून काढता येईल, आणि त्याला आपल्या वर्गातील काम तेथून पुढे सुरू करता येईल.